चौथ्या ओळीतला शब्द

रोहा,
२० जानेवारी १९९६

ती. दादास,

‘ती.’ हे अक्षर सवयीने उमटलं. खोडत नाही, पण त्यापुढचा नमस्कार लिहीत नाही.

काल कंपनीचं पाकीट रजिस्टर्ड पोस्टाने आलं. पोस्टमनने ह्यांना सही करायला सांगितली. मी ह्यांचा हात धरून कागदावर टेकवला तेव्हा ह्यांना दिसत नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो म्हणाला, अंगठा चालेल. सोळा वर्षं सही करून पगार घेणाऱ्या फिटरचा अंगठा घेऊन तो पुढच्या दारी गेला.

पाकीट तुझ्या भाचीने वाचलं, हेमांगीने. ह्यांना नोकरीवरून काढलं आहे. कारण असं दिलंय की, लेखी सूचना वाचून, समजून, खाली सही करूनही श्री. सखाराम यांनी कॉस्टिक सोड्याची लाईन रिकामी न करता उघडली, त्यामुळे झालेल्या अपघाताला तेच जबाबदार. हे खाटेवर बसून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “रिकामी करा असं कुठं लिवलं होतं?”

सोबत दोन कागद होते. एक इंग्रजी सूचनांचा. दुसरा तुझा.

तुझं अक्षर मी पाकिटातून अर्धं बाहेर आलेलं असतानाच ओळखलं. ‘दिनांक १२ डिसेंबर १९९५. मी असे प्रमाणित करतो की, मी केलेला मराठी अनुवाद मूळ इंग्रजी सूचनांशी अर्थाने तंतोतंत जुळतो.’ खाली एम.ए., बी.एड.

जुलैमध्ये तू हॉस्पिटलात आला होतास. मोसंबी आणली होतीस. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडलेल्या माणसासमोर दहा मिनिटं बसलास आणि जाताना जिन्यात मला म्हणालास, “घाई केली असेल गं त्यांनी. ह्या लोकांना धीर नसतो.” ‘ह्या लोकांना’ म्हणजे खाडीकडच्या, मिठागरातल्या लोकांना. आमच्या लग्नाला आला नव्हतास तेव्हाही हाच शब्द वापरला होतास. मी त्या दिवशी काही बोलले नाही, कारण आत डॉक्टर आले होते.

आता विचारते. डिसेंबरात सही करण्याआधी तू दोन्ही कागद समोर ठेवून वाचलेस का?

वृंदा

रोहा,
९ मार्च १९९६

ती. दादास,

तुझं उत्तर आलं नाही. पेण ते रोहा पत्र दोन दिवसांत येतं, म्हणून पोस्टाला दोष देता येत नाही.

मध्यंतरी पोपट येऊन गेला. ह्यांच्याबरोबरचा फिटर, गडब गावचा. अपघाताच्या दिवशी तो दुसऱ्या पाळीला होता. त्याने सांगितलं की भिंतीवर लावलेला तुझा मराठी कागद दुसऱ्याच दिवशी काढला, आणि आठवड्याने तिथे नवा लागला. कंपनीच्या चौकशीत मराठी कागद कोणी पुढे आणलाच नाही. इंग्रजी कागद दाखवला आणि तुझं प्रमाणपत्र दाखवलं. पण प्रत्येकाला सही करून एक-एक प्रत दिली होती, ती ह्यांच्या लॉकरमध्ये राहिली होती. पोपटने ती डब्याच्या पिशवीत घालून आणली.

ती प्रत बघून मला सगळं आठवलं. तुला कंपनीने हे काम दिलं ती चौऱ्याण्णवची दिवाळीची सुट्टी. परदेशी सर्टिफिकेट मिळवायचं म्हणून सगळं लेखी आणि कामगाराच्या भाषेत हवं होतं. माझ्या भावाचा कागद ह्यांच्या कंपनीत लागणार म्हणून मी शेजारीपाजारी सांगत सुटले होते. मग ह्यांच्याकडून कळायचं की कामगार हसतात. ‘मदर लिकर’ म्हणजे गाळून उरलेला द्राव, त्याचं तू ‘मातृमद्य’ केलं होतंस. टाकीवर नायट्रोजनचं ब्लँकेट, म्हणजे वायूचा थर ठेवा, याचं ‘घोंगडी पांघरावी’ असं केलं होतंस. बसमध्ये रोज कोणीतरी विचारायचं, आज घोंगडी कुणी पांघरली. हा कागद कोणी लिहिला ते ह्यांनी बसमध्ये कधी सांगितलं नाही. मला म्हणायचे, “तुझा भाऊ हाय तो. हसू कसा?”

मी दोन्ही कागद घेऊन रेचलबाईंकडे गेले. आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांचे सगळे इस्रायलला गेले, त्या एकट्या राहिल्या. नातवंडांना मराठी येत नाही, म्हणून साठी उलटल्यावर त्या इंग्रजी वाचायला शिकल्या. चष्मा लावून, बोट ठेवून वाचतात. सातपैकी सहा ओळी जुळल्या, हसण्यासारख्या का होईना. चौथी जुळेना. इंग्रजीत आहे, ‘ब्लीड द लाईन बिफोर ओपनिंग.’ तू लिहिलंयस, ‘उघडण्यापूर्वी नळीस गळती आहे का ते पाहावे.’

रेचलबाई बराच वेळ बघत बसल्या. म्हणाल्या, “ब्लीड म्हणजे रक्त येणं गो. पाइपातून रक्त कसं येल? काहीतरी निराळं हाय हे.” मग त्यांनी नातीची गोष्ट सांगितली. नातीने एकदा लिहिलं होतं, मी बुडतेय, आजी. रेचलबाईंना वाटलं, समुद्रात गेली की काय पोर. तासाभराने पुढची ओळ वाचली, तर सोमवारपासून परीक्षा होती आणि ती अभ्यासात बुडाली होती. “तेव्हापासून मी एकटा शब्द वाचत नाय,” त्या म्हणाल्या. “मागचं-पुढचं वाचते. पण ह्या कागदाचं मागचं-पुढचं कारखान्यात हाय. ते मला नि तुला कुठनं कळणार?”

तू एम.ए. आहेस. तू कारखान्यात जाऊन एकदा तरी ती लाईन पाहिलीस का?

वृंदा

रोहा,
१७ मे १९९६

दादा,

शब्द सापडला.

परवा मी नणंदेकडे कोलाडला निघाले होते. जीपचे ब्रेक नीट लागेनात, म्हणून ड्रायव्हरने हायवेवरच्या गॅरेजात घातली. आम्ही सगळे उतरून सावलीत उभे राहिलो. मेकॅनिक गाडीखाली होता. कोणीतरी विचारलं, किती वेळ. तो खालूनच म्हणाला, “ब्लीड करून घेतो, दहा मिनटं.”

मी खाली वाकले. म्हटलं, काय करतोस म्हणालास? तो म्हणाला, “ब्लीड, ताई. नळीत हवा अडकलीय. हा छोटा नट सैल करायचा, आतलं जे हाय ते थोडं थोडं भायेर सोडायचं. सगळं उतरलं की मग पुढचं काम.” त्याने माझ्यासमोर नट सैल केला. आधी बुडबुडे आले, मग तेल आलं, आणि डब्यात टपटपत राहिलं. तिसरीत शाळा सोडलेला माणूस, दादा. मी विचारलं ना त्याला.

मी नणंदेकडे न जाता तिथूनच घरी परत आले.

ह्यांना सांगितलं, तुमच्या चौथ्या ओळीत इंग्रजीत ब्लीड होतं. ह्यांनी मान वर केली. माझ्या आवाजाच्या दिशेने बघतात तसं बघितलं. “ब्लीड?” म्हणाले. “ब्लीड कर असं होतं?” कंपनीत लागण्याआधी हे चार वर्षं गॅरेजातच होते, तुला माहीत आहे. तेव्हा तू त्यांना ‘तो ग्रीसवाला’ म्हणायचास. ह्यांनी नट सैल केल्यासारखी हवेत बोटं फिरवली. मग म्हणाले, “ब्लीड असा नुसता मराठीत लिवला असता तरी मला कळला असता गो. मी हजार येळा केलंय. गळती बघ म्हणून लिवलं होतं, म्हणून मी बघितली. नव्हती गळती. मग खोलली.”

त्या विभागात ते नवे होते. जुना फोरमन सोडून गेलेला. साहेबांनी सांगितलेलं की आता सर्टिफिकेट आलंय, कागदात आहे तेच आणि तेवढंच करायचं. लाईनमध्ये दाब तसाच होता. बोल्ट सुटला तसं कॉस्टिक तोंडावर आलं. बाकी तुला माहीत आहे.

ह्या पत्रात मी तुला शिव्या देणार नाही. चूक होते. तू आयुष्यभर पुस्तकातलं इंग्रजी शिकवलंस, पाइपातलं तुला कोणी शिकवलं नव्हतं. मला फक्त एक पत्र हवं आहे. ‘चौथ्या ओळीचा अनुवाद चुकला होता, ह्या सूचनेवरून लाईन रिकामी करायची हे कळणं शक्य नव्हतं.’ एवढंच, आणि खाली तुझी सही. युनियनचा वकील म्हणतो, तेवढ्यावर केस उभी राहील. ह्यांच्या नावापुढचा ‘निष्काळजी’ हा शब्द जाईल.

वाट बघते.

वृंदा

रोहा,
२ जुलै १९९६

दादा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पाच महिन्यांत पहिलं. म्हणून सगळं उतरवून ठेवते, म्हणजे काय लिहिलंस ते तुला विसरता येणार नाही. ‘चि. वृंदास, इंग्रजीत एका शब्दाला अनेक अर्थ असतात. संदर्भानुसार मी घेतलेला अर्थही ग्राह्य आहे. तुला हे समजणार नाही. गॅरेजवाल्यांच्या बोलण्यावरून भाषा ठरत नसते. तब्येतीस जपावे.’

कार्ड उघडंच असतं. पोस्टमनने वाचलं असेल, दुकानदाराने वाचलं असेल. ह्यांना मीच वाचून दाखवलं. ते म्हणाले, “जाऊ दे. त्याची बी नोकरी हाय.” खरंच आहे. कंपनीने तुमच्या शाळेला प्रयोगशाळा बांधून दिली, जूनपासून तू मुख्याध्यापक झालास, हे मला पेणच्या बायकांकडून कळलं. तुझ्याकडून कळलं असतं तर मी पेढे मागितले असते.

आता माझं सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वकिलालाही नाही, हेमांगीलाही नाही.

ज्या आठवड्यात ह्यांना त्या नव्या विभागात घातलं, त्या आठवड्यात हे कागद घेऊन घरी आले होते. जेवण झाल्यावर म्हणाले, “ही चवथी ओळ मला अपुरी वाटते. जुना फोरमन खोलायच्या आधी कायतरी करायचा, मी लांबून बघितलंय. तू भाऊंना एक पत्र टाकून विचार ना, इंग्रजीत काय हाय ते.” मी भांडी घासत होते. मी वळूनही बघितलं नाही. म्हटलं, “माझा भाऊ एम.ए. आहे. तुम्ही त्याच्या चुका काढणार?”

त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. पुन्हा विषय काढला नाही. नऊ दिवसांनी ते झालं.

तेव्हा मी विचारलं असतं तर तू डिक्शनरी उघडली असतीस का? की मलाही असंच कार्ड आलं असतं? हे मी रोज स्वतःला विचारते. ह्यांनी मला एकदाही आठवण करून दिलेली नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. रात्रंदिवस मी ह्यांचा हात धरून मोरीपर्यंत नेते-आणते, आणि ह्यांना वाटतं, बायको किती करते.

तुझ्यावरचा राग कमी व्हावा म्हणून मी हे लिहीत नाही. तो तेवढाच आहे. फक्त तो एकट्या तुझ्यावर आहे असं तुला वाटायला नको.

वृंदा

रोहा,
२९ सप्टेंबर १९९६

गोपाळ,

आज ‘दादा’ लिहीत नाही.

हेमांगी दहावीत आहे. गणपतीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, आणि काल बाईंनी वर्गातल्या सगळ्यांना एक पुस्तिका घ्यायला सांगितली. ती घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवली. ‘इंग्रजी शब्दांचे लाक्षणिक अर्थ. दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी.’ खाली तुझं नाव, आणि मुख्याध्यापक.

चांगली आहे पुस्तिका. खोटं कशाला बोलू. हेमांगीने मला पाच-सहा पानं वाचून दाखवली. माणसाला ‘थंड’ म्हटलं म्हणजे त्याला थंडी वाजत नसते. बातमी ‘फुटते’, दुकान ‘धावतं’. शब्दाचा अर्थ शब्दात शोधू नका, तो कोण, कुठे, कशासाठी बोलतोय ते पाहा, असं तू पहिल्याच पानावर म्हटलंयस. रेचलबाई तेच म्हणाल्या होत्या. त्यांना कोणी मुख्याध्यापक केलं नाही.

मग हेमांगीने पान एकतीस उघडलं. ‘ब्लीड: रक्त वाहणे. लाक्षणिक अर्थ: एखाद्या नळीत अडकलेली हवा अथवा द्रव, नळी उघडण्यापूर्वी सावकाश बाहेर सोडणे.’

मी ते तीनदा वाचायला लावलं. मला वाटलं, चला, मी मे महिन्यात लिहिलेलं कुठेतरी पोचलं. मला न सांगता का होईना, सुधारलंस. खरंच वाटलं तसं. दहा-पंधरा मिनिटं मला बरं वाटत होतं.

मग हेमांगी म्हणाली, “आई, प्रस्तावना वाच.” ‘एका कारखान्यातील तांत्रिक सूचनांचा अनुवाद करून झाल्यानंतर माझे जे अज्ञान माझ्या ध्यानी आले, त्यातून ही पुस्तिका सुचली.’ आणि खाली, ‘पेण, विजयादशमी, १९९५.’

दसरा ऑक्टोबरात होता. तू कंपनीला लिहून दिलंस डिसेंबरात.

म्हणजे तुला माहीत होतं. तंतोतंत जुळतो असं लिहिताना चौथी ओळ चुकल्याचं तुला दोन महिने आधीपासून माहीत होतं. मला ते कार्ड पाठवतानाही माहीत होतं. मी त्या मेकॅनिकची गोष्ट तुला लिहिली, त्या शब्दासाठी मी जीपखाली वाकले, आणि तू तो आधीच छापायला देऊन बसला होतास.

मे महिन्यात मी लिहिलं होतं की चूक होते. ते मी परत घेते. डोळे चुकीने गेले. नाव तू घालवलंस, जाणूनबुजून, चांगल्या अक्षरात.

ह्यांना सांगितलं. पोपटही बसला होता. हे म्हणाले, “शब्द चुकला त्याचा मला राग नव्हता.” पोपट म्हणाला, “वहिनी, ही चोपडी जपून ठेवा.”

पुस्तिका मी वकिलाला दिली आहे. हेमांगीला दुसरी आणून देईन. परीक्षेला लागते.

वृंदा

रोहा,
२२ फेब्रुवारी १९९८

दादा,

निकालाची प्रत काल मिळाली. चौकशीतला ठपका काढून टाकला आहे. अपघाताला कामगार जबाबदार नाही, लेखी सूचना सदोष होती, असं कोर्टाने म्हटलं आहे. पोपटने ती ओळ ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली, मग पुन्हा दाखवली. ह्यांनी हात पुढे केला, कागद घेतला, आणि बोटाने चाचपून विचारलं, “ह्यात माझं नाव कुठे हाय?” पोपटने बोट धरून त्या जागी ठेवलं.

तुझी साक्ष झाली त्या दिवसाविषयी आपण बोललो नाही. म्हणून लिहिते.

वकिलाने तुला आधी सोपं विचारलं. तू म्हणालास, अर्थ नंतर लक्षात आला. कधी, असं विचारलं. पुस्तिका छापताना. मग त्याने प्रस्तावनेखालची तारीख वाचायला सांगितली. तू चष्मा पुसत राहिलास. न्यायाधीशसाहेबांनीच विचारलं, “गुरुजी, प्रमाणपत्र देताना तुम्हाला हा अर्थ ठाऊक होता का?” मला वाटलं, आता तू संदर्भ, ग्राह्य असं काहीतरी काढशील. पोरांनी एक व्यंजन घसरवलं तरी बाकावर उभा करणारा तू, मान खाली घालून म्हणालास, “व्हय.” आपले बाबा म्हणायचे तसं.

हे माझ्या शेजारी बसले होते. तुझा आवाज ऐकला आणि त्यांनी माझं मनगट दाबलं. मला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं मी त्याच एका शब्दासाठी झुरत होते. पण तू फार म्हातारा दिसलास, आणि तेवढ्यानेच माझा राग बसायला जागा उरली नाही. ह्याचाही मला राग येतो.

त्यानंतर मलाही उभं केलं. मी तिथे ते भांड्यांचं, चौथ्या ओळीचं सांगितलं. वकिलाने डोळे वटारले. नको तिथे कशाला बोलता, असं नंतर म्हणाला. पण हे समोर बसलेले असताना मला दुसरीकडे कुठे सांगता आलं नसतं. हे बाहेर आल्यावर म्हणाले, “मला ठाव होतं की तुला ते खातंय. तू कधी बोलशील म्हणून मी गप होतो.” अडीच वर्षं, दादा. आम्ही दोघं एका खोलीत.

आता शेवटचं. कोर्टाच्या बाहेरच्या पायऱ्या. मी वकिलाशी बोलत मागे राहिले होते. पोपट रिक्षा बघायला गेला होता. हे पायरीच्या काठावर एकटेच उभे होते, काठी पुढे चाचपत. तू बाजूने आलास. मला वाटलं, निघून जाशील. तू ह्यांच्या कोपराखाली हात घातलास. ह्यांना वाटलं पोपट आला. म्हणाले, “किती हायत रे?” तू बोलला नाहीस. एका-एका पायरीला थांबत, त्यांचा पाय टेकला की पुढची, असं खाली घेऊन गेलास. खाली पोचल्यावर ह्यांनी तुझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, “तू होतास म्हणून निभावलं, बाबा.”

तू हात सोडलास आणि रस्ता ओलांडून एस.टी. स्टँडकडे गेलास.

मी वरून सगळं बघत होते. हाक मारली असती तर तुम्हाला दोघांनाही ऐकू गेली असती. नाही मारली.

ह्यांना अजून वाटतं, त्या दिवशी पोपटने उतरवलं. पोपटला ह्यातलं काही माहीत नाही. मी सांगणार नाही. खोटं बोलणं तुझं होतं, खरं सांगणंही तुझंच. ह्यांना संध्याकाळी पाच वाजता चहा लागतो, तेव्हा ओट्यावर बसलेले असतात. दार उघडं असतं.

वृंदा